पंधरा नंबरचं पान : कॅटमधून काढून ठेवावं की समोर घेऊन बसावं?

हुकुमाची_राणी (धागाकर्ती)

कट्टर ख्रिस्ती घरातून बाहेर पडलेल्या माणसानं टॅरोचा कॅट (भविष्य बघायला वापरतात तो ७८ चित्रपत्त्यांचा) हातात घेतला की गाडी बहुधा एकाच पानापाशी अडते. १३ नंबरच्या मरणाचं 'हा बदल हो, खरं मरण नव्हे' असं म्हणून पटकन भागवता येतं. १५ नंबरच्या सैतानाचं तसं होत नाही. ज्याच्या नावानं लहानपणी झोप उडवली, तोच शिंगं-पंख लावून समोर बसलेला असतो. अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल (कडव्या प्रोटेस्टंट) घरांत ही धास्ती १९८० च्या दशकात फार पक्की झाली. सैतानपूजेच्या संशयावरून तिथे खटले उभे राहिले. कॅलिफोर्नियातलं मॅकमार्टिन बालवाडी प्रकरण १९८३ मध्ये सुरू झालं आणि १९९० मध्ये एकालाही शिक्षा न होता संपलं. तेव्हाची मुलं आज चाळिशी-पन्नाशीत आहेत.

अशांना एक सल्ला हमखास मिळतो : सुरुवातीला ते पान बाजूला काढा, ७७ पानांवर काम चालवा. मला हे साफ चुकीचं वाटतं. लपवलेलं पान कपाटात बसून जास्त बोलतं. त्यापेक्षा ते चित्र म्हणून नीट बघून टाकावं. कसं, ते इस्कटून सांगते.

रीडिंग (पानं मांडून भविष्य वाचणं) करायचं नाही, पत्ते पिसायचेही नाहीत. रायडर-वेट-स्मिथ कॅट (लंडन, १९०९) घ्या आणि त्यातली ५ (धर्मगुरू), ६ (प्रेमी) आणि १५ (सैतान) ही तीन पानं भर दिवसा टेबलावर शेजारी शेजारी उताणी ठेवा. वही-पेन्सिल घ्या. दहा मिनिटं फक्त दिसतं ते लिहायचं. 'वाईट', 'पाप', 'वासना' असले शब्द बाद. 'डावा हात खाली, हातात मशाल, मशालीचं तोंड जमिनीकडे' हे चालेल.

मग लक्षात येतं की तिन्ही पानांची मांडणी एकच आहे : वर एक मोठी आकृती, खाली दोघं. पाचात पोप आणि त्याच्यासमोर दोन भिक्षू. सहात देवदूत, खाली आदाम आणि हव्वा. हव्वेमागे सर्पाचं झाड, आदामामागे ज्वाळांचं. पंधरातही तीच जोडी त्याच बाजूंना उभी आहे, फक्त दोघांना शेपट्या फुटल्यात. बाईच्या शेपटीला द्राक्षांचा घोस, बुवाच्या शेपटीला आग. म्हणजे मागची झाडं शेपटीत आली. धर्मगुरूचा उजवा हात बघा : दोन बोटं वर, बाकीची मिटलेली. सैतानाचा तोच हात वर आहे, पण पंजा सगळा उघडा. हा आशीर्वादाचा उलटा हात आहे, असं हा कॅट योजणाऱ्या वेटनं स्वतःच लिहून ठेवलंय. आकड्यांचीही गंमत आहे, १ + ५ = ६.

शेवटी साखळ्या बघा. दोघांच्या गळ्यातला फास इतका सैल आहे की डोक्यावरून सहज निघेल, आणि दोघांचे हात मोकळे आहेत. पानाचा सगळा अर्थ इथे आहे. बांधून ठेवणारा खरा, पण गाठ कच्ची.

हे चित्र काढणारी पामेला कोलमन स्मिथ दोनच वर्षांनी, १९११ मध्ये, कॅथलिक झाली. वेट तर कॅथलिक संस्कारांतच वाढलेला. तेव्हा सैतानाच्या गोटातून आलेलं पान वगैरे काही नाही. बोला.

---

चिंचेचा_आकडा

निरीक्षण झकास, निष्कर्ष अमान्य.

'फास सैल आहे, हात मोकळे आहेत' हे वाक्य टॅरोच्या प्रत्येक वर्गात पाठ म्हणून दाखवतात. समोर कोण बसलंय ते जरा बघा की. पाचव्या वर्षापासून नरकाची भीती घातलेलं मूल मोठं होऊन बाहेर पडतं आणि तुम्ही त्याला सांगता, 'साखळी सैलच होती, तूच काढली नाहीस.' म्हणजे पुन्हा दोष त्याचाच. चर्चमध्ये 'तुझा विश्वास कमी पडला', इथे 'तुझी जाणीव कमी पडली'.

शिवाय सैल साखळी हा काही पानाचा सनातन अर्थ नव्हे, ते १९०९ चं चित्र आहे. निकोला कॉन्व्हेरचा १७६० चा मार्सेय कॅट (जुन्या फ्रेंच धाटणीचा) काढा. तिथे दोन छोटी शिंगवाली पोरं गळ्याला दोर बांधून चौथऱ्याला अडकवलेली आहेत आणि त्यांचे हात पाठीमागे आहेत. पाठीमागे! स्वतःचा फास काढायची सोयच नाही. मला हे चित्र जास्त प्रामाणिक वाटतं.

माझ्या मते ज्याला दचकायला होतं त्यानं पान खुशाल काढून ठेवावं. फ्रान्समध्ये टॅरो हा आजही चक्क खेळ आहे, हुकूम-बोलीचा, ७८ पानांचा. त्या कॅटच्या हुकुमांवर सैतान नसतोच, रोजच्या जगण्यातली चित्रं असतात. कुणाचं काही अडलेलं नाही.

---

दीपस्तंभ

मी श्रद्धावान ख्रिस्ती म्हणून लिहितोय, भांडायला नाही.

मुळात गल्लत होतेय. आक्षेप शिंगांवर नाहीच. बायबलमध्ये सैतानाला शिंगं आणि बकऱ्याचे पाय कुठेही नाहीत. प्रेषित पौल करिंथकरांना लिहितो की तो प्रकाशाच्या दूताचं सोंग घेतो (२ करिंथ ११:१४). भयंकर दिसणारं पान एक वेळ परवडलं! आक्षेप कृतीवर आहे. बायबलच्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात (१८:१०-१२) शकुन पाहणं, चेटूक, मृतांना विचारणं एका दमात मोजलंय. कॅथलिक धर्मशिक्षणाच्या अधिकृत ग्रंथात, २११६ व्या परिच्छेदात, भविष्य जाणण्याचे सगळे प्रकार नाकारलेत. त्यात टॅरो हा शब्द नाही, पण कुंडली, हात पाहणं, शकुन यांच्या रांगेत तो कुठे बसतो हे सांगायला नको. त्यामुळे तुमच्या दृष्टीनं १५ नंबर 'समजला' तरी आमच्या दृष्टीनं उरलेल्या ७७ पानांचा प्रश्न तसाच राहतो.

आणि चित्रकर्ती नंतर कॅथलिक झाली, यानं काय सिद्ध होतं? ख्रिस्ती लोकांना छळणाऱ्या शौलाचा प्रेषित पौल झाला म्हणून शौलानं केलेलं सगळं योग्य ठरत नाही.

---

हुकुमाची_राणी

@दीपस्तंभ, स्मिथबद्दल मान्य, तो मुद्दा मी उगाच ताणला. पण मग मत्थियाचं काय? प्रेषितांची कृत्ये १:२६. येशूचा घात करणाऱ्या यहूदाच्या जागी प्रेषित निवडताना चिठ्ठ्याच टाकल्या की.

---

दीपस्तंभ

टाकल्या. पण आधी प्रार्थना करून, दोनच नावांत आणि एकदाच. पुढच्याच अध्यायात पवित्र आत्मा उतरतो आणि त्यानंतर नव्या करारात मंडळीनं चिठ्ठी टाकून निर्णय केल्याचं एकही उदाहरण नाही. हा क्रम महत्त्वाचा आहे.

---

तर्कट

पोथीतलं तुमचं चालू द्या. मी हिशोब मांडतो, कारण 'सारखं तेच पान येतं, म्हणजे काहीतरी आहे' या वाक्यावरच ही भीती पोसली जाते.

७८ पानं. केल्टिक क्रॉस नावाच्या दहा पानांच्या मांडणीत १५ नंबर येण्याची शक्यता १०/७८, म्हणजे १२.८ टक्के. साधारण आठ मांडण्यांत एकदा. मरण (१३), सैतान (१५), मनोरा (१६) या तीन 'भयंकर' पानांपैकी किमान एक येण्याची शक्यता ३४ टक्के, म्हणजे दर तिसऱ्या मांडणीत. रोज ३ पानं काढली तर ३० दिवसांत सैतान एकदा तरी भेटण्याची शक्यता ६९ टक्के, दोनदा किंवा जास्त भेटण्याची ३२ टक्के. यात गूढ काय आहे?

त्यात पिसण्याचा घोळ. आपला नेहमीचा पत्ता ६३ × ८८ मिमी असतो, रायडर-वेटचा सुमारे ७० × १२०. हातात मावत नाही. मग लोक वरची चार पानं खाली, खालची चार वर असं सरकवतात आणि पानांचे झुपके तसेच राहतात. कालच्या मांडणीची पानं गोळा करून वर ठेवली आणि असं दोन-चारदा सरकवलं, तर आज तीच मंडळी पुन्हा हजर. ५२ पत्ते दोन ढीग करून, कडा एकमेकींत फर्रकन सोडून पिसले तर सात वेळा पुरतं. ७८ ला आठ-नऊ धरा. ते जमत नसेल तर पानं टेबलावर पालथी पसरा, दोन्ही तळव्यांनी मिनिटभर तरी गोल गोल घोळवा आणि गोळा करा. 'पाठलाग करणारं' पान बहुतेकदा इथेच थांबतं.

बाकी, एका भीतीतून सुटून दुसऱ्या शकुनाच्या दारात उभं राहायचं, याला मी तरी सुटका म्हणणार नाही.

---

मधली_सुट्टी

तर्कट यांचा हिशोब चोख आहे, पण घाबरलेल्याला टक्केवारीनं बरं वाटतं असं समजू नका. मानसिक आरोग्याच्या बाजूनं दोन गोष्टी.

धर्मातून बाहेर पडल्यावरच्या त्रासाला मार्लीन विनेल यांनी २०११ मध्ये 'रिलिजस ट्रॉमा सिंड्रोम' असं नाव दिलं. डीएसएममध्ये (मानसिक आजारांच्या अमेरिकी निदान-पुस्तकात) हे निदान नाही. पण पापाच्या शंकेनं पछाडणं हा ओसीडीचा (मंत्रचळाचा) ओळखीचा प्रकार आहे, आणि टॅरोशी गाठ पडली की तो अगदी ठरावीक रूप घेतो. सैतान आला की पुन्हा पिसायचं, 'खरंच का?' म्हणून दुसरं पान काढायचं, मग तिसरं, आणि मनासारखं आलं की थांबायचं. दहा मिनिटं बरं वाटतं, की परत. आधी प्रार्थना बरोबर झाली नाही म्हणून ती पुन्हा पुन्हा म्हणणं होतं, आता पत्ते झाले.

त्यामुळे धागाकर्तीच्या पद्धतीत 'रीडिंग नाही, पिसणं नाही' हा भाग सगळ्यात मोलाचा, आणि तो कुणीच उचलला नाही. त्यात एवढी भर घाला : वेळ आधी ठरवा आणि वेळ संपली की थांबा, भीती उतरली की नाही हे तपासत बसू नका. पान बघितल्यावर क्रॉस काढणं, हात धुणं, पान उपडं घालणं, गुगलवर अर्थ शोधणं, हे सगळं टाळा. भीती त्यानंच टिकते. झोप जात असेल किंवा दिवसाचे तास यात जात असतील तर मात्र कॅट बंद करा आणि ओसीडीवर काम करणाऱ्या समुपदेशकाकडे जा. तिथे हेच काम पायऱ्या-पायऱ्यांनी करून घेतात.

@चिंचेचा_आकडा, पान काढून टाकणं हाही टाळण्याचाच प्रकार झाला, म्हणून तिथे तुमच्याशी असहमत. सैल साखळीबद्दल सहमत.

---

जुना_बाजार

सगळे सैतानाच्या अवतारावर घसरलेत, तर थोडा इतिहास.

टॅरो पंधराव्या शतकात उत्तर इटलीत पत्त्यांचा खेळ म्हणूनच जन्मला. भविष्याशी त्याचा मोठा संबंध लागला तो पॅरिसमध्ये १७८० नंतर, कूर द जेबेलँ हा लेखक आणि एतेया हा भविष्य सांगणारा यांच्यामुळे. म्हणजे तीनशे वर्षं लोक यात फक्त डाव जिंकत-हरत होते. सर्वांत प्रसिद्ध हाती रंगवलेला कॅट म्हणजे मिलानचा व्हिस्कोंती-स्फोर्झा. त्याची ७४ पानं उरलीत. नसलेल्या चारांत सैतान आहे, मनोरा आहे, पण त्यांच्याबरोबर तलवारीची तिर्री आणि नाण्यांचा घोडेस्वारही आहेत. 'भीतीनं सैतान जाळला' ही कथा त्यामुळे जरा बेतानंच घ्यावी. तिर्रीला कोण घाबरतं?

आज आपण बघतो तो बकरा एलिफास लेव्ही या फ्रेंच गूढविद्यावाल्याच्या १८५० च्या दशकातल्या चित्रावरून आला. हा लेव्ही पुरोहित व्हायला निघालेला, डीकनपर्यंत (पुरोहिताच्या खालच्या पायरीपर्यंत) पोचलेला. त्याच्या बकऱ्याच्या कपाळावरचा तारा सरळ आहे, टोक वर, आणि मशाल दोन शिंगांच्या मध्ये जळतेय. १९०९ च्या पानात दोन्ही उलटे : ताऱ्याचं टोक खाली, मशाल खाली. मार्सेयच्या सैतानावर तारा नाहीच, काही कॅटांत त्याच्या पोटावर आणखी एक तोंड आहे, बघून हसूच येतं. तेव्हा कुणाला तारा बघून धडकी भरत असेल तर ती धडकी जेमतेम शंभर-सव्वाशे वर्षांची आहे.

अवांतर : कट्टर घरातून आलेल्यानं १५ पेक्षा ५ नंबरपाशी जास्त वेळ काढावा. सैतानाला निदान सगळे ओळखतात. आशीर्वाद देणारा हात आणि समोर डोकं खाली घातलेले दोघे, हे चित्र गिळायला जास्त जड जातं.

---

तर्कट

+१ शेवटच्या परिच्छेदाला. इतिहासाचं असं सांगितलंत तर मलाही चालतं.

---

हुकुमाची_राणी

चिंचेचा_आकडा आणि मधली_सुट्टी, सैल साखळीचं वाक्य मी मागे घेते. निदान पहिल्या बैठकीत ते सांगायचं नाही. मार्सेयचं पान आता टेबलावर ठेवलंय, हात खरंच पाठीमागे आहेत. दोन्ही सैतान शेजारी ठेवून 'कोणाचे हात कुठे आहेत' एवढंच लिहायला सांगणं जास्त बरं. कुणाला आपली गत १९०९ ची वाटेल, कुणाला १७६० ची. ते आपण ठरवायचं नाही.

पण पान काढून ठेवण्याच्या बाजूनं मी अजूनही नाही.

---

चिंचेचा_आकडा

आणि मी अजूनही आहे. फक्त एक दुरुस्ती : काढलेलं पान फाडायचं-जाळायचं नाही. डब्यात छोटी पुस्तिका असते ना, तिच्या मागे ठेवायचं. परत घालायचं झालं तर सापडलं पाहिजे.