मदत हवी आहे : उत्तर आयर्लंडची व्यापार व्यवस्था आणि सरकारच्या शब्दावर किती भरवसा ठेवावा?

मंडळी, मी बेलफास्टला राहते. ब्रेक्झिटनंतर उत्तर आयर्लंडसाठी जी वेगळी व्यापार व्यवस्था झाली (आधी तिला ‘प्रोटोकॉल’ म्हणत, २०२३ पासून ‘विंडसर फ्रेमवर्क’), तिच्याबद्दल मला नीट मत बनवायचं आहे आणि त्यासाठी तुमची मदत हवी आहे. मे २०२७ मध्ये इथल्या विधानसभेची, म्हणजे स्टॉरमॉन्टची निवडणूक व्हायची आहे. आपण कॉमनवेल्थ देशाचे नागरिक असल्यामुळे इथे राहणाऱ्या भारतीय पासपोर्टधारकांनाही त्यात मत देता येतं. तेव्हा हा माझ्यासाठी नुसता वाचनाचा विषय नाही.

कराराचा मसुदा वेळ काढून वाचता येतो. मी अडकले आहे ती वेगळ्याच ठिकाणी. करार बरा की वाईट हे एकवेळ ठरवता येईल, पण तो पाळण्याची हमी देणाऱ्यांवर विश्वास ठेवायचा कशाच्या आधारावर?

ज्यांना संदर्भ नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जून २०१६ च्या सार्वमतात सगळ्या युनायटेड किंग्डममध्ये ५१.९ टक्के मतं बाहेर पडण्याच्या बाजूने पडली, पण उत्तर आयर्लंडमध्ये ५५.८ टक्के लोकांना युरोपीय संघात राहायचं होतं. उत्तर आयर्लंड आणि आयर्लंड प्रजासत्ताक यांच्यामध्ये सुमारे ५०० किलोमीटरची जमिनीवरची सीमा आहे. इथला अनेक वर्षांचा हिंसाचार थांबवणाऱ्या १९९८ च्या गुड फ्रायडे करारानंतर तिथले लष्करी नाके गेले आणि आज त्या रस्त्यावरून जाताना देश कुठे बदलला ते कळतही नाही. ती सीमा पुन्हा उभी करायची नाही, यावर सगळ्यांचं एकमत होतं. पण ब्रिटन युरोपच्या एकल बाजारातून बाहेर पडणार म्हटल्यावर मालाची तपासणी कुठेतरी करावीच लागणार. ती जमिनीवर नको असेल तर समुद्रावर, आणि समुद्रावरही नको असेल तर सगळ्या ब्रिटनने युरोपच्या नियमांना धरून राहायचं. तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांचा करार बऱ्याच अंशी या तिसऱ्या वाटेने जाणारा होता. २०१९ मध्ये संसदेने तो तीनदा फेटाळला. त्यांच्यानंतर पंतप्रधान झालेल्या बोरिस जॉन्सन यांनी समुद्राची वाट घेतली.

म्हणजे स्कॉटलंडच्या केर्नरायनहून निघालेला ट्रक बोटीने लार्नला आला की तो देशातल्या देशातच असतो, तरी त्याच्या मालाला कागद लागतात, कारण उत्तर आयर्लंडमध्ये मालाच्या बाबतीत युरोपचे बरेचसे नियम अजून लागू आहेत. मुंबईकरांनी २०१७ पर्यंत चालू असलेला मुलुंडचा जकात नाका आठवावा. फरक इतकाच की तिथे पालिकेला पैसे भरायचे होते, आणि इथे माल ज्या नियमांनी तपासला जातो ते नियम करणाऱ्यांना इथला माणूस मत देऊ शकत नाही.

आता भरवशाचं. नोव्हेंबर २०१८ मध्ये जॉन्सन बेलफास्टला डीयूपी या युनियनिस्ट (म्हणजे युनायटेड किंग्डममध्येच राहायचं म्हणणाऱ्या) पक्षाच्या अधिवेशनात आले आणि म्हणाले की ब्रिटन आणि उत्तर आयर्लंड यांच्यामध्ये अशा तपासण्या कोणतंही कॉन्झर्व्हेटिव्ह सरकार मान्य करू शकत नाही आणि करूही नये. अकरा महिन्यांनी, ऑक्टोबर २०१९ मध्ये, त्यांनी नेमक्या त्याच तपासण्या असलेला करार केला. त्यानंतर महिन्याभरातच इथल्या व्यावसायिकांना सांगितलं, कोणी फॉर्म भरायला सांगितला तर मला फोन करा, मी तो कचऱ्याच्या डब्यात टाकायला सांगेन. त्याच कराराच्या नावावर डिसेंबरची निवडणूक ८० च्या बहुमताने जिंकली. सप्टेंबर २०२० मध्ये त्यांचे मंत्री ब्रँडन लुईस यांनी संसदेत उभं राहून सांगितलं की सरकारचं नवं विधेयक आंतरराष्ट्रीय कायदा मोडतं, पण ‘विशिष्ट आणि मर्यादित’ प्रकारे. सरकारच्या विधी खात्याचे प्रमुख जोनाथन जोन्स यांनी राजीनामा दिला. ती कलमं डिसेंबरमध्ये मागे घेतली गेली. जून २०२२ मध्ये तोच करार एकतर्फी बाजूला सारणारं दुसरं विधेयक आलं, तेही पुढे सोडून दिलं.

युरोपीय संघानेही एकदा घोडचूक केली. २९ जानेवारी २०२१ रोजी लशींची निर्यात रोखण्यासाठी युरोपीय आयोग प्रोटोकॉलचं कलम १६ (अडचणीच्या वेळी व्यवस्थेचा काही भाग एकतर्फी बाजूला ठेवू देणारं) वापरायला निघाला होता, तेही डब्लिनला, म्हणजे आयर्लंडच्या सरकारला, विश्वासात न घेता. काही तासांत माघार घेतली, पण इथे ती संध्याकाळ कोणी विसरलेलं नाही.

माझ्या शेजारचे आजोबा पक्के युनियनिस्ट. ते म्हणतात, मी कर लंडनला भरतो, सैन्यात नोकरी लंडनसाठी केली, मग ग्लासगोहून येणाऱ्या बटाट्याच्या बियाण्याला परवानगी ब्रसेल्सची का? माझी एक सहकारी सीमेजवळच्या न्यूरीची, नॅशनलिस्ट (म्हणजे आयर्लंड एक व्हावं म्हणणाऱ्या) घरातली. तिच्या आईवडिलांनी नाक्यांवर बंदूकधारी सैनिकांसमोर गाडीतून उतरून दिवस काढले आहेत. ती म्हणते, आम्ही ब्रेक्झिट मागितलंच नव्हतं. डीयूपीने ते मागितलं, मे यांचा करारही पाडला, आणि आता समुद्रातल्या सीमेबद्दल तक्रार करतात. इथल्या बऱ्याच शेतकऱ्यांचं दूध प्रक्रियेसाठी सीमेपलीकडे जातं, ते थांबलं तर काय, हाही तिचा प्रश्न. मला दोघांचंही पटतं, आणि म्हणूनच मी गोंधळले आहे.

आजोबांचा एक मुद्दा तर मला खोडताच येत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये स्टॉरमॉन्टमध्ये ही व्यवस्था पुढे चालू ठेवण्यावर मतदान झालं. ४८ विरुद्ध ३६ ने ठराव मंजूर झाला, पण एकाही युनियनिस्ट सदस्याने बाजूने मत दिलं नाही. एरवी इथे वादग्रस्त विषयांवर दोन्ही समाजांचा पाठिंबा मागता येतो. सगळी शांतता त्याच तत्त्वावर उभी आहे. या एका ठरावाला मात्र साधं बहुमत पुरेल असं आधीच ठरवून ठेवलेलं होतं. दोन्ही समाजांचा पाठिंबा नसल्याने मुदत आठऐवजी चार वर्षांची मिळाली, एवढाच फरक.

माझं आजचं मत असं : हाताशी असलेल्या वाटांमध्ये समुद्राची वाट सर्वांत कमी वाईट होती. पण तिची किंमत लोकांना आधी सांगितली असती तर निम्मा संताप झाला नसता. जॉन्सन यांनी बेलफास्टला एक आणि ब्रसेल्सला दुसरं सांगितलं, आणि नुकसान तपासण्यांनी केलं त्याहून जास्त त्या दुटप्पी बोलण्याने केलं. एप्रिल २०२१ मध्ये बेलफास्टमध्ये दोन्ही समाजांच्या वस्त्यांमधल्या लॅनार्क वेच्या फाटकापाशी कोवळी पोरं पेट्रोल बॉम्ब फेकत होती. त्या दंग्यांची कारणं अनेक होती, पण ‘आम्हाला फसवलं’ हे त्यातलं एक होतं, आणि ते खोटं नव्हतं.

तर मला हवं आहे ते असं. विंडसर फ्रेमवर्कनंतर माल पाठवणं खरोखर सोपं झालं का, हे प्रत्यक्ष धंद्यात असलेल्यांकडून ऐकायचं आहे. सरकारचं पुढचं आश्वासन पारखायला काय बघावं? आणि राजकीय पक्षांच्या पत्रकांपलीकडचं, दोन्ही बाजूंना मान्य होईल असं वाचायला कुठे मिळेल? कृपया ‘सगळे राजकारणी सारखेच’ एवढंच लिहू नका. मला मत द्यायचं आहे.

प्रतिसाद (लेस्टरहून)

ताई, मी किराणा मालाच्या घाऊक व्यापारात हिशेब बघतो, म्हणून पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो. मोठ्यांचं सोपं झालं, हे खरं आहे. ऑक्टोबर २०२३ पासून योजनेत नाव नोंदवलेल्या व्यापाऱ्याला किरकोळ विक्रीचा खाद्यमाल हिरव्या मार्गाने, म्हणजे कमी कागदपत्रांत, पाठवता येतो. पूर्ण नियम लागू झाले असते तर तूप, पनीर, मांसाचे पदार्थ अशा एकेका जिन्नसाला पशुवैद्यकाचं वेगळं प्रमाणपत्र लागलं असतं. आता मिश्र मालाच्या ट्रकलाही एक सर्वसाधारण प्रमाणपत्र चालतं. त्या बदल्यात मालावर ‘नॉट फॉर ईयू’ची चिठ्ठी लावावी लागते. सुपरमार्केटला ते परवडतं, कारण त्यांचा छापखान्याचा खर्च लाखो पाकिटांवर विभागला जातो. बेलफास्टच्या एका छोट्या दुकानासाठी दहा खोकी पाठवणाऱ्याला ती चिठ्ठी, ती नोंदणी, तो माणूस परवडत नाही. तो सरळ ‘उत्तर आयर्लंडला पाठवत नाही’ म्हणतो. डिसेंबर २०२४ मध्ये युरोपचा वस्तूंच्या सुरक्षिततेचा नवा नियम तिथे लागू झाला, तेव्हा खाद्येतर वस्तू विकणाऱ्या काही छोट्या ऑनलाइन विक्रेत्यांनीही हेच केलं. तुमच्याकडे गोष्टी मिळत नाहीत त्याचं कारण बहुतेक वेळा बंदी नसून कंटाळा आणि खर्च असतो. सरकारी आकड्यांत तो दिसत नाही, कारण जो ट्रक निघालाच नाही त्याची नोंद कोण करणार?

प्रतिसाद (लंडनहून)

मला वाटतं तुम्ही जॉन्सन यांच्यावर फार अडकला आहात. ते गेले. ऋषी सुनक यांनी युरोपशी नीट बोलून फ्रेमवर्क आणलं आणि मार्च २०२३ मध्ये संसदेने ५१५ विरुद्ध २९ मतांनी पाठिंबा दिला. एका माणसाच्या वागण्यावरून आजच्या सरकारला जोखणं अन्यायाचं आहे. वाटाघाटींत प्रत्येक सरकार थोडं झाकतं, थोडं उघडतं.

धागाकर्ती

लेस्टरच्या दादा, मनापासून आभार. न निघालेल्या ट्रकचा मुद्दा कुठल्याच अहवालात मला इतका स्पष्ट सापडला नव्हता.

लंडनकरांना : एका माणसापुरतं असतं तर मी धागा काढलाच नसता. जानेवारी २०२४ मध्ये सुनक सरकारने या व्यवस्थेच्या निषेधात बहिष्कार टाकून बसलेल्या डीयूपीला पुन्हा स्टॉरमॉन्टमध्ये आणण्यासाठी जे दस्तऐवज दिले, त्यात ‘नॉट फॉर ईयू’ची चिठ्ठी सगळ्या ब्रिटनभर लावू असं वचन होतं. हेतू हा की उत्पादकांना फक्त उत्तर आयर्लंडसाठी वेगळं पाकीट करावं लागू नये आणि त्यांनी इथला पुरवठा सोडू नये. सप्टेंबर २०२४ च्या शेवटी लेबर सरकारने ते बाजूला ठेवलं, गरज पडली तर बघू म्हणून. खर्चाचं कारण मला समजतं, पण वचन एका पक्षाने दिलं आणि दुसऱ्याने मोडलं, आणि आजोबांच्या दृष्टीने दोन्ही वेळी शब्द ‘लंडन’चाच होता. डीयूपीनेही तेव्हा आपल्या लोकांना समुद्रातली सीमा गेली असं सांगितलं होतं. ती गेलेली नाही, हे लार्नला कोणालाही दिसतं.

प्रतिसाद (डब्लिनहून)

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाचं एकत्रच लिहिते. कोणतंही आश्वासन आलं की मी एवढंच बघते : ते कायद्यात उतरलं आहे का, आणि ते वापरायची किल्ली कोणाकडे आहे. ‘स्टॉरमॉन्ट ब्रेक’चं उदाहरण घ्या. दोन पक्षांचे मिळून ३० आमदार एकत्र आले तर युरोपचा नवा नियम अडवण्याची मागणी करू शकतात, हे कायद्यात आहे. डिसेंबर २०२४ मध्ये युनियनिस्ट आमदारांनी रसायनांच्या लेबलांच्या नियमावर ती मागणी केली. जानेवारी २०२५ मध्ये लंडन सरकारचे उत्तर आयर्लंडविषयक मंत्री हिलरी बेन यांनी ती नाकारली, अटी पूर्ण होत नाहीत म्हणून. कायद्याच्या नजरेने त्यांचं बरोबर असेलही. पण २०२३ मध्ये हा ब्रेक जणू आमदारांच्या पायाखाली आहे असं विकलं गेलं होतं, आणि पाय मंत्र्याचा निघाला. वचन खोटं नव्हतं, ऐकणाऱ्याला वाटलं त्यापेक्षा लहान होतं. ही तफावत आधी शोधायची सवय लावून घ्या.

वाचायला हाउस ऑफ कॉमन्सच्या ग्रंथालयाच्या टिपणांपासून सुरुवात करा, फुकट आहेत आणि भाषा सोपी आहे. स्टॉरमॉन्टची विंडसर फ्रेमवर्कवर देखरेख करणारी समिती आहे, तिच्या साक्षी जाहीर असतात. आणि क्वीन्स विद्यापीठातल्या अभ्यासकांच्या लोकमत चाचण्या जरूर बघा. २०२१ पासून ते विचारत आले आहेत की या विषयात तुमचा विश्वास कोणावर आहे. व्यवस्थेवर दोन्ही समाज दोन टोकांना, पण ब्रिटिश सरकारवरचा अविश्वास मात्र दोघांचा सारखा. तुमचे आजोबा आणि तुमची मैत्रीण यांना एका टेबलाशी बसवायचं असेल तर तिथून बोलायला सुरुवात करा.

धागाकर्ती

ताई, हे फार उपयोगाचं आहे. समितीच्या साक्षी वाचायला घेतल्या आहेत.

आता एकच नेमका प्रश्न उरला. १९ मे २०२५ ला लंडनच्या शिखर बैठकीत ब्रिटन आणि युरोपीय संघ यांनी खाद्यपदार्थ आणि वनस्पतींच्या तपासण्यांबद्दल नवा करार करायचं ठरवलं. त्यात ब्रिटन युरोपचे नियम बदलतील तसे स्वतःचे बदलत राहील, म्हणजे लार्नच्या बऱ्याच तपासण्यांची गरजच संपेल असं सरकार म्हणतं. विरोधक त्याला शरणागती म्हणतात आणि सोबत मासेमारीचे हक्क १२ वर्षांसाठी दिल्याचं दाखवतात. डब्लिनच्या कसोटीने पाहायचं तर मला या कराराबाबत हे कळायला हवं : बियाण्याचे बटाटे आणि मातीसकट रोपं त्यात येतात का, आणि खाद्यपदार्थ सोडून इतर वस्तूंचे कागद तसेच राहणार का? शेती खात्यात, बंदरावर किंवा रोपवाटिकेच्या धंद्यात कोणी मराठी माणूस असेल तर कृपया इथे लिहा, किंवा व्यक्तिगत निरोप पाठवा. पुढच्या शनिवारी आजोबांना याचं उत्तर द्यायचं कबूल केलं आहे, आणि माहीत नसलेलं काही त्यांना सांगायचं नाही, असं मी ठरवलं आहे.