जनावर कुणी मारलं? – बीटवरच्या माणसांचे अनुभव

धागाकर्ती

माझे सासरे मेळघाटात वनपाल होते. त्यांच्या डायऱ्या वाचताना एक गोष्ट सारखी दिसत राहिली. बीटमध्ये, म्हणजे एका वनरक्षकाकडे सोपवलेल्या जंगलाच्या तुकड्यात, मेलेलं जनावर सापडलं की ते कुणी मारलं याचं उत्तर गावाकडे पंच यायच्या आधीच तयार असायचं, आणि पंचनामा होईस्तोवर ते पुष्कळदा बदललेलं असायचं. वन्यप्राण्याच्या मृत्यूचा तपास मुख्यतः वनखात्याचा. तिथे सर्वांत आधी पोचतो तो बीटगार्ड, हातात काठी आणि फार तर मोबाईल घेऊन. पुढे खटला उभा राहतो की नाही, हे त्याने पहिल्या तासाभरात काय पाहिलं आणि कशाला हात लावू दिला नाही, यावर ठरतं. ही माणसं लिहीत नाहीत, म्हणून हे निमंत्रण.

वनरक्षक, वनपाल, वनमजूर, प्राथमिक प्रतिसाद दलातली मुलं, पशुवैद्य, घरची मंडळी आणि ज्यांची जनावरं गेली ते शेतकरी, सगळ्यांनी लिहा. गावांची आणि माणसांची नावं नकोत, चालू खटल्यांबद्दलही नको. जमिनीवर काय दिसलं तिथून सुरुवात करा.

सागवान (निवृत्त वनपाल, चंद्रपूर)

थंडीचे दिवस, हरभरा फुलोऱ्यात. गुराख्याने निरोप आणला, नाल्यात वाघ पडला आहे. जाऊन पाहिलं तर पूर्ण वाढ झालेला नर. सुळे शाबूत, नखं शाबूत, मिशाही जागच्या जागी. म्हणजे कातड्या-नखांसाठी मारलेला नाही. अंगावर गोळीची खूण नाही. जमलेले लोक म्हणू लागले, "वीख घातलं कोणी तरी." आठवडाभरापूर्वी त्याच शिवारात एका बैलाचा गारा झाला होता, म्हणजे वाघाने तो मारला होता, तेव्हा संशयही बैलवाल्याच्याच घरावर.

विषाने मेलेल्या जनावराभोवती बहुधा इतरही मेलेलं सापडतं. कावळे, मुंगूस, कधी कधी तर मढ्यावर बसलेल्या माश्यासुद्धा. इथे माश्या जिवंत होत्या. बैलाच्या हाडांजवळ जाऊन आलो, तिथेही काही नाही. मग खाली बसून पाय पाहिले. पुढच्या उजव्या पायावर, पंजाच्या वर, केस जळून एक बारीक काळी रेघ उमटलेली. आणि नाल्याच्या काठावरचं गवत एकाच दिशेने लोळलेलं होतं. वाघ तिथे चालत आला नव्हता, त्याला ओढत आणलं होतं.

वाघाच्या मृत्यूत राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची पद्धत कडक आहे. उलट सिद्ध होत नाही तोवर तो शिकारीचाच प्रकार धरायचा. शवविच्छेदन दिवसाउजेडी, पशुवैद्य, प्राधिकरणाचा प्रतिनिधी आणि पंच हजर. मेटल डिटेक्टर फिरवायचा. शेवटी सगळं शव, नखं-सुळे मोजून, सर्वांसमोर पूर्ण जाळायचं. हे सगळं झालं. पण गुन्ह्याचं ठिकाण नाल्यात नव्हतंच.

जळाल्याची रेघ म्हणजे वीज, म्हणून सबस्टेशनला गेलो. लॉगबुकात आदल्या रात्री त्या फीडरची ट्रिपिंग, म्हणजे त्या भागाची वीजलाईन आपोआप बंद पडल्याचं, लिहिलेलं होतं. लाईनमन म्हणाला, कुठे फॉल्ट सापडला नाही, आपोआप चालू झाली. मग त्या लाईनखालचे धुरे, म्हणजे शेतांचे बांध, एकेक करून चाललो. एका धुऱ्यावर सारख्या अंतरावर बोटभर भोकं, ताज्या मातीने बुजवलेली. तिथे खुंट्या होत्या. तार विहिरीत सापडली.

शेत ज्याचं निघालं तो माणूस दर उन्हाळ्यात माझ्याबरोबर जाळरेषा (वणवा अडवणारी मोकळी पट्टी) काढायला यायचा. वणवा विझवताना त्याचे हात भाजलेले मी पाहिले आहेत. तो म्हणाला, "डुकरासाठी लावली होती जी. वाघ येईन हे कोणाले माहीत?" रानडुकरांनी दोन रात्रींत त्याचा अर्धा हरभरा उपटला होता, हेही खरं. पीओआर (गुन्ह्याचा प्राथमिक अहवाल) मीच फाडला. साहेबांनी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ५०(८) खाली त्याचं बयाण नोंदवलं. पुढे न्यायालयात टिकतं ते हेच, म्हणून ते सहायक वनसंरक्षक किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्यानेच घ्यायचं असतं. वाघ त्या कायद्याच्या अनुसूची १ मधला, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाचा. शिक्षा किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सात.

आकडा टाकून तारेत जिवंत वीज सोडण्याचा हा प्रकार विदर्भात आजही थांबलेला नाही. त्याच तारांना माणसंही मेली आहेत. कुंपणासाठी सौर बॅटरीचं, झटका देणारं पण जीव न घेणारं यंत्र मिळतं, त्याला अनुदानाच्या योजनाही आहेत. ते वेळेवर धुऱ्यापर्यंत पोचायला हवं. मी नोकरीत असताना हे दर बैठकीत बोललो, आता इथे लिहितो आहे.

माळावरची (वनरक्षक, नगर-पुणे सीमा)

आमच्याकडे मेंढ्यांचं प्रकरण असतं. धनगरांचा वाडा माळावर बसला होता. पहाटे वाघरात, म्हणजे मेंढ्या कोंडायच्या जाळीत, नऊ मेंढ्या मेलेल्या. सगळ्यांच्या तोंडी एकच, बिबट्या. आसपास ऊस आहे, बिबट्या आहेच, त्यामुळे शंका घ्यायला कुणी तयार नाही.

बिबट्या गळा धरतो. दोन-दोन सुळ्यांच्या खोल भोकांवरून ते कळतं. कोंडलेल्या वाड्यात शिरला तर तोही एकापेक्षा जास्त मारतो, त्यामुळे नुसत्या संख्येवरून काही ठरत नाही. इथे मात्र गळे शाबूत होते. मागच्या मांड्या, शेपट्या, कान फाडलेले, लोकर चौफेर उडालेली, आणि खाल्लेलं जवळजवळ नाहीच. ठशात नखं उमटलेली. म्हणजे बिबट्या नाही. लांडगा की कुत्रा, हे ठशावरून सांगणं अवघड असतं. संध्याकाळी दोन मेंढ्या तिथेच ठेवून ट्रॅप कॅमेरा बांधला. रात्री कुत्रीच आली, रस्त्याकडेच्या कोंबड्यांच्या उकिरड्यावर पोसलेली टोळी.

अवघड भाग इथून पुढे. बिबट्या, लांडगा, तरस यांनी मारलं तर शासनाची भरपाई मिळते. मोकाट कुत्र्यांनी मारलं तर काही नाही. वाड्यातली म्हातारी माझा हात धरून म्हणाली, "लांडगा लिही ना बाई, तुझं काय जातंय?" मी कुत्रीच लिहिलं. लांडगा लिहिला असता तर पुढच्या थंडीत त्या माळावरचं लांडग्याचं बीळ कुणीतरी धुरी देऊन संपवलं असतं, कारण कागदावर गुन्हा त्याचा झाला असता. पण त्या म्हातारीला मी काय दिलं? उकिरडा उचलून घ्यायला ग्रामपंचायतीच्या मागे लागले, तो उचलला गेला. एवढंच.

वाघर

वरच्या ताईंना. माझ्या चुलत्याचंही असंच झालं होतं. तुम्ही खरं लिहिलंत, चांगलं केलंत. पण कुत्र्यांनी मारलेल्या मेंढीची भरपाई कायद्यात यायला हवी, म्हणजे कुणाला खोटं लिहून मागायची वेळ येणार नाही.

तितर (वनमजूर, मराठवाडा)

मी फासेपारधी समाजातला. १८७१च्या कायद्याने इंग्रजांनी आमच्यासारख्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली, तो कायदा १९५२ साली गेला. लोकांच्या मनातून गेला नाही. मी लहान होतो तेव्हाची गोष्ट आहे. मृगाचा पाऊस पडून गेला होता, आमची पालं गावाच्या खालच्या अंगाला होती.

सकाळी विहिरीजवळ मोर मेलेले सापडले. लांडोरी धरून सात. राष्ट्रीय पक्षी, त्यात गावात देवळाचा मोर म्हणून मान. बातमी फिरली आणि माणसं काठ्या घेऊन थेट आमच्या पालांकडे आली. माझ्या बापाची फासकी पालात होतीच, तितर-लाव्यांसाठीची. ती दाखवून ओरडायला लागले, हा बघा पुरावा. आईने आम्हा पोरांना बैलगाडीखाली ढकललं.

बीटगार्ड मोटारसायकलवर आला. गावचाच, वरच्या आळीतला. तो मधे उभा राहिला आणि म्हणाला, आधी पाखरं बघू. लोक म्हणाले, बघायचं काय त्यात? त्याने एक मोर उचलून सगळ्यांना पाय दाखवले. फाशात अडकलेल्या पाखराच्या पायाला तिढा पडतो, कातडी सोलते, पिसं झडतात. एकाच्याही पायावर वळ नव्हता. मान मुरगळलेली नव्हती. शिवाय विकायला किंवा खायला मारले असते तर विहिरीवर टाकून कोण गेलं असतं?

मग तालुक्याचे डॉक्टर येईपर्यंत तो तिथून हलला नाही. एकही पाखरू हलवू दिलं नाही. डॉक्टरांनी सगळ्यांसमोर गळ्याखालची अन्नाची पिशवी उघडली. आत दाणे भरलेले, लालसर गुलाबी रंगाचे. कुणी बोललं नाही. तो रंग काय असतो हे तिथल्या प्रत्येक शेतकऱ्याला माहीत होतं. पेरणीआधी बियाण्याला औषध चोळतात, आणि औषधाचं बियाणं खाण्यात येऊ नये म्हणून त्याला रंग असतो.

गार्डने दोन पंच घेतले, विहिरीच्या वरच्या वावरात गेला. आदल्या दिवशी तिफण फिरली होती. तास संपून बैल वळतात त्या टोकाला दाणे उघडे सांडलेले होते. तिथेच दोन पारवे आणि एक तितर मेलेलं. व्हिसेरा (पोटातल्या अवयवांचे नमुने) प्रयोगशाळेत गेला, त्याचा अहवाल यायचा तेव्हा आला. पण पंचनाम्यात त्याच दिवशी लिहिलं गेलं की फाशाची खूण नाही, आणि रंगीत बियाणं मिळालं. शेतकऱ्यानेही मुद्दाम केलेलं नव्हतं. उघडे दाणे मातीखाली झाकायचे असतात, हे त्याला कुणी समजावलंच नव्हतं. गार्डने सगळ्या शिवाराला पुढचे काही दिवस तेच करायला लावलं.

माझ्या बापाची फासकी मात्र त्याने जप्त केली, रीतसर. तितर धरणंही गुन्हाच आहे, म्हणाला. बाप त्याच्यावर रागावला नाही. मला वनखात्यात रोजंदारीवर लावलं ते त्याच गार्डने. आज फासकी शोधायला साहेब मला पुढे पाठवतात, कारण पाखराची वाट कुठून जाते आणि फास कुठे लावला जाईल हे मला दिसतं. मोर मेला की अजूनही गावात पहिलं बोट आमच्याकडेच येतं. मी आता पंचनाम्याच्या जागी उभा असतो, एवढा फरक पडला आहे.

रानवाट (मेळघाट)

२०१३ साली आमच्याकडे वाघांच्या शिकारी उघड झाल्या तेव्हा मी नवीन होतो. लोखंडी सापळे पाणवठ्याच्या वाटेवर पुरून ठेवायचे, वाघाचा पाय अडकला की कातडं खराब होऊ नये म्हणून भाला तोंडात घालून मारायचं. रानात उरतो तो फक्त खुंटा ठोकल्याचा खड्डा आणि उकरलेली माती. धागेदोरे मध्य प्रदेशातल्या कटनीकडच्या बहेलिया या पारंपरिक शिकारी जमातीतल्या टोळ्यांपर्यंत गेले. माग काढला तो मोबाईलच्या नोंदींवरून. त्यातूनच मेळघाटात वन्यजीव गुन्ह्यांसाठी सायबर सेल उभा राहिला. अनोळखी माणसं जडीबुटी किंवा किरकोळ माल विकायला येऊन गावाबाहेर मुक्काम करतात, ही खबर कोरकू बायकांनी दिली की आम्ही अजूनही सगळी कामं सोडून जातो.

म्हसळेकर (रायगड)

आमच्या गिधाडांचा मारेकरी रानात नव्हताच. ढोरांना दुखण्या-तापावर दिलेलं डायक्लोफेनॅक त्यांच्या मढ्यातून गिधाडांच्या पोटात जायचं आणि मूत्रपिंडं निकामी व्हायची. जनावरांसाठी ते २००६ साली बंद झालं, ॲसिक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेन २०२३ साली. वनरक्षकाचं काम इथे दारोदार विचारण्याचं असतं. मेलेल्या बैलाला शेवटचं इंजेक्शन कोणतं दिलं होतं? उत्तर मिळालं नाही तर ते ढोर गिधाडांसाठी टाकत नाहीत, पुरतात.

कापूसवेचणी (यवतमाळ)

वडील वनरक्षक होते. २०१६ ते २०१८ मध्ये पांढरकवडा-राळेगाव पट्ट्यात टी-१ वाघिणीच्या नावावर १३ माणसांचे मृत्यू लागले. इतरांना वाघीण आठवते. मला वडिलांचं रात्री येऊन अंगणातच आंघोळ करणं आठवतं. जखमेवरची लाळ डीएनए तपासणीसाठी घ्यावी लागते, आणि ती माती-पाण्याने जायच्या आत घ्यावी लागते. ज्या घरातला माणूस गेला त्या घरच्यांना मृतदेह हवा असतो, ताबडतोब. त्या दोहोंच्या मधे वडील उभे असायचे. लोक अंगावर यायचे. वडील सांगायचे, लाळ मिळाली नाही तर कोणता वाघ हे कळणार नाही, आणि चुकीचा धरला तर खरा इथेच राहील. काही जण ऐकायचे.

२ नोव्हेंबर २०१८च्या रात्री ती मारली गेली. आमच्या बाजूच्या गावांत फटाके वाजले, शहरांत निषेध झाला, गोळी कशी झाडली गेली यावर वाद पार कोर्टापर्यंत गेला. वडील कुठल्याच बाजूने बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते तिच्या बछड्यांचे ठसे शोधायला गेले.

मोहफूल (वनरक्षक, ब्रह्मपुरी)

आमच्याकडे एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं वेचायला बायका जातात. वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही. असा मृत्यू झाला की गाव विचारतं, कोणता वाघ? आणि उत्तर नाही म्हटलं की आमच्यावरच संशय, की वाघाला वाचवताय. २०२२च्या ऑक्टोबरमध्ये सीटी-१ हा वाघ वडसा भागात पकडला गेला. त्याच्या नावावरही १३ मृत्यू होते, तीन जिल्ह्यांत पसरलेले. तो धरला गेला तोच मुळी कॅमेऱ्यातले पट्टे आणि ठसे पुन्हा पुन्हा जुळवून.

ज्या रानात तपासाला जातो तिथे आम्हीही पायीच असतो. २० नोव्हेंबर २०२१ला ताडोबात व्याघ्रगणनेच्या कामावर असताना वनरक्षक स्वाती ढुमणे वाघिणीच्या हल्ल्यात गेल्या. त्यांचं नाव या धाग्यात असायला हवं, म्हणून लिहिलं.

धागाकर्ती

बऱ्याच जणांनी विचारलं आहे की मेलेलं जनावर दिसलं तर आपण काय करायचं. सागवान, सांगाल का?

सागवान

जवळ जाऊ नका, ढोरं-कुत्री जाऊ देऊ नका. वेळ लिहून ठेवा. गार्डचा नंबर नसेल तर वनखात्याची हेल्पलाईन १९२६. फोटो लांबूनच काढा आणि गटांवर टाकू नका, गर्दी झाली की ठसे संपतात. पाऊस येईल असं वाटलं आणि ठसा स्पष्ट असेल तर त्यावर घमेलं पालथं घाला, वर दगड ठेवा. बाकीचं आम्ही येऊन बघतो.