मदत हवी आहे: वेतनकराराची बोलणी, सीटीसीतली वाढ आणि ईएसआयची २१ हजारांची लिमिट

पॅकिंगवाली
नमस्कार. रबाळे एमआयडीसीत एका कंपनीत पॅकिंगला आहे, अकरा वर्षं परमनंट. नाव सांगत नाही, समजून घ्या. आमचं अ‍ॅग्रीमेंट ३१ मार्चला संपलं. युनियनने मागणीपत्र दिलंय आणि यंदा कमिटीत एक बाई हवी म्हणून मला उभं केलं. (शोभेपुरतं असेल असं वाटलं होतं. मग युनियनच्या साहेबांनी पगाराच्या स्लिपांचा गठ्ठाच हातात दिला.)

साहेब ठाण्याला बसतात. माणूस चांगला, पण वीसेक कंपन्या बघतात. म्हणाले, टेबलावर बोलायचं माझ्यावर सोडा, आकडे तुम्ही काढून आणा. गुरुवारी पहिली मीटिंग.

मॅनेजमेंटने तोंडी सांगितलंय: तीन वर्षांचे मिळून महिन्याला ५,५०० वाढ. पहिल्या वर्षी २,५००, मग १,५००, १,५००. पण 'सीटीसीमध्ये', म्हणजे कंपनी एका माणसावर करते त्या एकूण खर्चात. पोरं खूश आहेत, गेल्या वेळी ४,२०० वर सही झाली होती. ती सगळी वाढ स्पेशल अलाउन्समध्ये गेली, बेसिक (मूळ पगार) जागचं हललं नाही, हे कोणी बोलत नाही.

खरी अडचण वेगळी आहे. आमच्यातले सत्तावीस जण १९-२० हजारांवर आहेत. पहिल्याच वर्षी ते २१ हजारांच्या वर जाणार, म्हणजे ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) बंद. त्यातल्या एकाच्या आईचं डायलिसिस ईएसआयवर चाललंय. कॅन्टीनमध्ये मला म्हणाला, "ताई, मला वाढ नको, तसं लिहून देतो." काय बोलावं सुचेना. जाणकारांनी सांगा, गुरुवारपर्यंत काय तयारी करू?

माजी सेक्रेटरी, तुर्भे
ताई, आधी सीटीसी हा शब्द टेबलावरून उतरवा. ५,५०० सीटीसी आणि पीएफ पूर्ण बेसिकवर कापत असतील, तर त्यातून कंपनीचा १२ टक्के पीएफ आणि ४.८१ टक्के ग्रॅच्युइटी बाजूला काढा. सगळी वाढ बेसिकला दिली तरी उरतात ४,७०० च्या आसपास. त्यातून तुमचा पीएफ गेला की हातात साधारण ४,१४०. हाच हिशेब पोरांना फळ्यावर मांडून दाखवा, खुशी उतरेल. बोलायचं ते ग्रॉसमध्ये, म्हणजे कपातीआधीच्या पगारात.

आता हातात जास्त पडावं म्हणून पोरंच 'अलाउन्समध्ये द्या' म्हणतील. आमच्याकडे म्हणाली होती. त्यांना सांगा, बेसिकमध्ये हजार रुपये पडले तर वीस वर्षं सर्व्हिसवाल्याची ग्रॅच्युइटी साडेअकरा हजारांनी वाढते (१५ भागिले २६ गुणिले वर्षं). २१ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या नव्या कामगार संहितेत भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग वेतनातच धरतात, म्हणून स्लिपा घेऊन प्रत्येकाचं बेसिक निम्मं भरतं का ते बघा.

कोपरीकर
युनियनवाले एरियर्समधून (मागच्या फरकाच्या रकमेतून) किती टक्के घेणार ते आधी विचारा, मग बाकीचं 😀

माजी सेक्रेटरी, तुर्भे
@कोपरीकर, विचारावंच, आणि सर्वांसमोर. पण पावती फाडतो त्याचं कामही करून घ्यावं. ताई, साहेबांकडे शेजारच्या कंपन्यांचे सही झालेले करार असतात. तुमच्याच धंद्यातले, तुमच्याएवढ्याच माणसांचे दोन-तीन मागून घ्या. 'मार्केटमध्ये एवढंच चालतं' याला तेच उत्तर.

हिशेबी
ईएसआयबद्दल. कव्हर एका रात्रीत तुटत नाही. हप्त्याचे दोन काळ, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. मधेच कोणी २१ हजार ओलांडले तर त्या काळाच्या शेवटपर्यंत हप्ता कापतात. एप्रिल-सप्टेंबरच्या हप्त्यांवर पुढच्या जानेवारी ते जूनचा लाभ, ऑक्टोबर-मार्चच्या हप्त्यांवर जुलै ते डिसेंबरचा. ओव्हरटाइम लिमिटमध्ये धरत नाहीत, त्यामुळे स्लिपवरचा एकूण आकडा बघून घाबरू नका.

आता कंपनी काय सांगत नाही ते. २० हजारांवर ती ३.२५ टक्के, म्हणजे दरमहा ६५० रुपये माणशी भरते. हे सत्तावीस जण ईएसआयमधून बाहेर पडले की हे पैसे कंपनीचे वाचतात. ते वाढीत मोजू देऊ नका. त्यातून आईवडिलांसह ग्रुप मेडिक्लेम मागा, जुने आजार पहिल्या दिवसापासून धरून. बायको-मुलांपुरती पॉलिसी पुढे सरकवतील, तिथे अडून बसा. आजारपणातल्या रजेचंही बघा: ईएसआय ७० टक्के पगार देतं, मेडिक्लेम एक रुपया देत नाही.

माजी सेक्रेटरी, तुर्भे
+१. आणि सही समेट अधिकाऱ्यासमोर (सरकारच्या कामगार खात्याचा तडजोड घडवणारा अधिकारी) करा. तसा करार युनियनबाहेरच्यांनाही लागू होतो. मसुदा सहीच्या आदल्या रात्री नाही, चार दिवस आधी हातात हवा.

पॅकिंगवाली
सर्वांचे आभार. काल रात्री सत्तावीस जणांचा हिशेब मुलीच्या वहीत मांडला. ६५० गुणिले २७, महिन्याला १७,५५० होतात! साहेबांना फोन केला, म्हणाले गुरुवारी तासभर आधी या, हेच पहिलं काढू.

अजून एक. डायलिसिससारखं दर आठवड्याचं काम ग्रुप पॉलिसीत किती रुपयांपर्यंत बसतं? कोणाकडे अशी पॉलिसी असेल तर मर्यादेचा आकडा सांगा. त्या मुलाला मला काहीतरी पक्कं सांगायचंय.