मदत हवी आहे: दोन चलं असताना एकच विधान पुरेसं कसं? (सीसॅट, डेटा सफिशियन्सी)

कोरी_वही:
नमस्कार मंडळी. यूपीएससीच्या सीसॅटची (पूर्वपरीक्षेतला कल चाचणीचा पेपर) तयारी चालू आहे. डेटा सफिशियन्सीत, म्हणजे दिलेल्यातलं कोणतं विधान उत्तर काढायला पुरेसं आहे एवढंच जिथे ठरवायचं असतं तिथे, अंकांचे प्रश्न आले की गाडी अडते. सराव संचातला हा प्रश्न बघा:

दोन अंकी संख्या कोणती?
विधान १: ती तिच्या अंकांच्या बेरजेच्या ८ पट आहे.
विधान २: अंकांची अदलाबदल केल्यास ती ४५ ने कमी होते.

दशकस्थानचा अंक द, एककस्थानचा ए धरला. पहिल्यावरून १०द + ए = ८(द + ए), म्हणजे २द = ७ए. दुसऱ्यावरून द − ए = ५. सोडवून ७२ आले, म्हणून 'दोन्ही विधानं मिळून' हा पर्याय घेतला. उत्तरसूची म्हणते, एकच विधान पुरेसं आहे, दुसरं नाही. छपाईची चूक आहे का? दोन चलांना दोन समीकरणं लागतात, हे तर शाळेपासून घोकलंय.

निवृत्त_मास्तर:
सूची बरोबर आहे. तो नियम चलाची किंमत काहीही असू शकते तेव्हाचा. इथे द फक्त १ ते ९ आणि ए ० ते ९. ही अट प्रश्नात लिहिलेली नसते, पण 'अंक' म्हटलं की आलीच. आता २द = ७ए बघा. डावी बाजू सम, म्हणून ए सम हवा. ए = ० घेतला तर द पण ०, बाद. ए = २, तर द = ७. ए = ४ घेतला की द = १४, तो अंकच नाही. उरली ७२. एकटं पहिलं विधान पुरलं.

दुसऱ्यातून ५०, ६१, ७२, ८३, ९४ निघतात. (५० उलटून ०५ चालतं का, यावर वाद घालू नका. ते काढलं तरी चार उरतात.)

कोरी_वही:
म्हणजे 'पट' दिसलं की एकच विधान पुरेसं धरायचं?

निवृत्त_मास्तर:
अजिबात नाही! ८ च्या जागी ७ घाला: ३द = ६ए, म्हणजे द = २ए. २१, ४२, ६३, ८४ चारही बसतात. ४ पट असेल तर १२, २४, ३६, ४८. पण २, ३, ५, ६, ८, ९ पटींना प्रत्येकी एकच संख्या: १८, २७, ४५, ५४, ७२, ८१. द आणि ए यांचं गुणोत्तर संक्षिप्त रूपात लिहा. त्यातला मोठा अंक ५ किंवा जास्त असेल तर दुप्पट केल्यावर तो ९ च्या पुढे जातो, म्हणून दुसरी जोडी मिळतच नाही.

चहा_बिस्किट:
मास्तरांना पुस्ती जोडतो. विचारलंय काय, ते आधी वाचा. '४ पट' दिलं आणि विचारलं 'संख्या सम आहे का', तर चारही सम, विधान पुरेसं. '९ ने भाग जातो का' विचारलं तर ३६ ला जातो, १२ ला नाही, अपुरं.

आणि पेपर काढणाऱ्यांचा लाडका सापळा: विधान १, संख्या आणि तिची उलट संख्या यांची बेरीज ९९. विधान २, अंकांची बेरीज ९. पहिलं म्हणजे ११(द + ए) = ९९, म्हणजे दुसरंच, वेगळ्या कपड्यांत. दोन्ही एकत्र करूनही हाती काही लागत नाही.

कोरी_वही:
२ तासांत ८० प्रश्न, वर चुकलं की एक तृतीयांश गुण कापले जाणार. इतक्या संख्या मांडत बसायचं?

चहा_बिस्किट:
सगळ्या कशाला? अपुरं ठरवायला वेगवेगळं उत्तर देणाऱ्या दोन संख्या पुरतात. २१ आणि ४२ सापडल्या की पुढचं विधान. आता हा सोडवा: दोन अंकी संख्या तिच्या अंकांची बेरीज अधिक अंकांचा गुणाकार इतकी आहे. एककस्थानी कोणता अंक?

कोरी_वही:
१०द + ए = द + ए + दए, म्हणून ९द = दए. द शून्य नाही, म्हणजे ए = ९. १९ ते ९९ पर्यंत नऊ संख्या चालतात, तरी विधान पुरेसं!