नकाशावर खुणा करून नागपूरची वाहतूक सुधारेल का?

मानेवाडेकर: काल इथे एकानं लिहिलं, "लोकांना नकाशावर अडचणीच्या जागी ठिपके लावायला सांगणं म्हणजे टाइमपास, रस्ता इंजिनिअरलाच कळतो." वाचून डोकंच फिरलं. मेट्रो २०१९ मध्ये धावली, डिसेंबर २०२२ मध्ये पहिला टप्पा पूर्ण झाला. पण स्टेशनापासून घरापर्यंतचं काय? माझी आई मेडिकलला, म्हणजे सरकारी दवाखान्यात, तपासणीसाठी जाते. झेब्रा पट्टे लांब, म्हणून दुभाजकाची सळई वाकवून लोकांनी वाट केली आहे. तिथून ती एका हाताने साडी, दुसऱ्या हाताने फाइल सांभाळत निघते. ही वाट कोणत्या आराखड्यात आहे? थांब्यावरच्या बायांसमोर नकाशा ठेवा, त्या बरोबर तिथेच बोट ठेवतील. नैरोबीत विद्यार्थ्यांनी मोबाइल घेऊन माटाटू मिनीबसचे मार्ग नोंदवले, २०१४ मध्ये शहरानं तोच नकाशा अधिकृत केला.

धरमपेठ४४: इथे ज्याच्याजवळ मोबाइल अन् रिकामा वेळ, तोच खूण करेल. अंबाझरीला सायकल ट्रॅक पाहिजे म्हणून ढीगभर ठिपके पडतील, पारडीच्या मजुराचा एकही नाही. मग साहेब म्हणतील, जनतेचीच मागणी आहे.

इतवारीवाला: आधी सिमेंट रोडचं बोला! आमच्या गल्लीत जुना रस्ता न खोदताच वर सिमेंट ओतलं. रस्ता उंबऱ्याच्या वर गेला, पाऊस आला की पाणी थेट ओसरीत. आम्हाला कोणी विचारलं?

धरमपेठ४४: सिमेंट टिकते. डांबराचे खड्डे विसरले का?

इतवारीवाला: तुमच्या घरात पाणी शिरत नाही म्हणून बोलून राहिले! त्या उंच कडेवरून माझे वडील पडले, तेव्हापासून काठी सुटली नाही. मे महिन्यात भर दुपारी त्या तापलेल्या सिमेंटवर बसची वाट पाहून दाखवा, मग सांगा टिकते म्हणून.

मानेवाडेकर: अहो, मी हेच सांगून राहिलो! पाणी कुठे शिरते, सावली कुठे नाही, हे नकाशावर आणा.

सक्करदऱ्याची ताई: मोबाइल दाखवतो तो सर्वात जवळचा रस्ता मी अंधार पडल्यावर घेतच नाही. दिवे बंद, कोपऱ्यावर टोळकं. लांबून फिरून येते. गाड्या मोजणाऱ्याला हे कसं कळणार?

धरमपेठ४४: बरं ताई, एवढं मान्य. पण नुसतं मोबाइलवर नको. 'आपली बस' या शहर बससेवेच्या थांब्यांवर कागदी नकाशे लावा, अन् कोणती सूचना घेतली, कोणती नाकारली, काहून नाकारली, हे महापालिकेच्या झोन ऑफिसात लिहून टांगा. ते होत नसेल तर माझा विरोध कायम.

इतवारीवाला: अन् रस्त्याच्या उंचीचं? त्याच्यावर अजून कोणीच बोलून नाही राहिलं.