मदत हवी आहे : रोज पाणी घालूनही केसर आंब्याचं कलम माना टाकतंय

सूसवासी | शनिवार, दुपारी २:१०

नमस्कार. थेट मुद्द्यावर येतो. अक्षय्य तृतीयेला इथे पुण्यात, सूसला, घरापुढच्या अंगणात केसरचं कलम, सोनचाफा आणि कागदी लिंबू लावलं. (मुहूर्त आईचा, खर्च माझा.) पहिले काही दिवस झकास. आता आंब्याची पानं टोकाकडून करपत चाललीत, दुपारी तर पार माना टाकतात. सोनचाफ्याची खालची पानं पिवळी पडून गळतायत. पाणी रोज घालतो. ऊन भयंकर आहे, काल गाडीत ४१ दाखवत होतं. नर्सरीवाल्याला फोन केला तर म्हणाला, "साहेब, पाणी वाढवा." वाढवलं. फरक शून्य.

हिरवी जाळी किती टक्क्यांची लावू? आणि कोणती फवारणी? आजच सांगा प्लीज, उद्या आई येतेय.

मृगाचा_किडा | २:२५

पुण्यात भर उन्हाळ्यात झाड लावायचं कोणाच्या डोक्यातून निघालं? मृग लागू दे, दोन दणदणीत पाऊस होऊ देत, जमीन निवली की मग खड्ड्यात हात घालायचा. खड्डे उन्हाळ्यात खणून तापत ठेवायचे, लावायचं पावसात. आमचे आजोबा ७ जूनच्या आधी रोपाला हात लावू द्यायचे नाहीत.

सूसवासी | २:३१

डोक्यातून कोणाच्या ते वर लिहिलंय. झाडं लागलीत. पुढचं सांगा.

गच्चीवरचा_गडी | २:४०

जीवामृत द्या, बाकी काही नको. १० किलो देशी गाईचं शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, मूठभर बांधावरची माती, २०० लिटर पाण्यात कालवून सावलीत ठेवायचं, दिवसातून दोनदा ढवळायचं. माझ्या गच्चीत ड्रममधला आंबा याच्यावर उभा आहे.

निंबोणी | २:५२

@गच्चीवरचा_गडी, ते प्रमाण एका एकराचं आहे. त्यांची झाडं तीन.

सूसवासी, जाळी ५० टक्क्यांची पुरे. पण झाडावर गोधडीसारखी पांघरू नका, तापलेली जाळी पानांना टेकली की तिथेच भाजतं. चार बांबू रोवा, वर आणि पश्चिमेच्या अंगाला बांधा, बाकी बाजू मोकळ्या. खोडाला चुना लावा. बुंध्याशी वाळका पाला किंवा उसाचं पाचट चार बोटं जाड पसरा, फक्त खोडाला चिकटवू नका. खत, युरिया यातलं काहीही आत्ता देऊ नका.

पहार_फावडं | ३:०५

काही गोष्टी कळल्याशिवाय कोणीच काही सांगू नये असं माझं मत. खड्डा किती बाय किती? खणताना खाली काय लागलं? भरलं काय? पाणी रोज म्हणजे किती? काळी पिशवी काढूनच लावलं ना? एखादा फोटो टाका.

सूसवासी | ३:११

फोटो चढत नाहीये. खड्डा व्यवस्थित घेतलाय, माणूस लावून. पाणी भरपूर. पिशवी काढली होती, एवढं कळतं मला. फवारणीचं कोणीच बोलत नाहीये.

कातळावरचा_हापूस | ३:३०

मुळात केसर कशाला? तो जुनागढकडचा. मराठी माणसाने अंगणात हापूस लावावा.

बाकी एक शंका. आंब्याची नवीन पालवी तांबूस, मऊ आणि खाली लोंबणारीच असते. बरेच शहरी लोक ती बघून "झाड मेलं" म्हणून बोंब मारतात. तुमचं तसं नाही ना?

सूसवासी | ३:३४

नाही. जुनी हिरवी पानं करपतायत. कडेने खाकी, कुरकुरीत. हातात चुरा होतो.

मृगाचा_किडा | ३:४१

घाटावर हापूस लावून कोकणची चव मागायची म्हणजे चितळ्यांच्या दुकानात बोंबील मागण्यासारखं आहे. केसर बरोबर आहे. वेळ चुकली.

टेकडीवाला | ४:१५

मडकं लावा! आम्ही दर रविवारी वेताळ टेकडीवर पाचपाच लिटरचे कॅन खांद्यावर घेऊन चढतो. रोपाच्या बाजूला बिनरंगाचं, साधं कुंभाराचं मडकं गळ्यापर्यंत पुरायचं, भरायचं, वर झाकण. पाझरून पाझरून मुळाशी जातं, आठवडा निघतो. वड, पळस, बहावा, सगळे असेच जगवलेत. तिथे नुसता मुरूम आहे, तरी. सध्या बहावा काय फुललाय! बहावा फुलला की ४५ दिवसांत पाऊस, लिहून ठेवा.

निंबोणी | ४:२२

आमच्या सोसायटीतला बहावा यंदा दोनदा फुललाय. मग पाऊस कधी धरायचा?

रिकामटेकडा | ४:२६

टेकडीचा विषय निघालाच आहे तर विचारतो, त्या गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडियाच्या) जंगलाचं काय करणार? वनखात्याने लावून ठेवलं आणि आता खाली गवताची काडी उगवत नाही. पक्षी घरटं करत नाहीत. परदेशी झाड ते परदेशीच.

टेकडीवाला | ४:३८

काडी उगवत नाही हे अर्धसत्य. नुसत्या उघड्या मुरमावर तेच तगलं, नत्र धरलं, पाला पडून माती झाली. आता त्याच्याच सावलीत आमची देशी रोपं वाढतायत. एकदम तोडलं तर पुन्हा उघडा खडक. हळूहळू विरळ करायचं.

रिकामटेकडा | ४:४४

हळूहळू म्हणजे आपल्या नातवंडांच्या काळात.

सूसवासी | ४:५०

माझा आंबा टेकडीवर नाहीये. सूसमध्ये आहे.

पहार_फावडं | ५:०२

मी अजून खड्ड्याशीच आहे. दुसरं काही सांगत नसाल तर एवढंच सांगा: लिंबू कसं आहे?

सूसवासी | ५:०६

लिंबू मस्त आहे, नवी फूट आलीये. त्याबद्दल मी विचारलंच नाहीये.

पहार_फावडं | ५:२०

अहो, तेच तर! ऊन तिघांनाही सारखंच. नर्सरी एक, मुहूर्त एक, पाणी घालणारा माणूस एक. मग लिंबाला फुटवा आणि आंबा-चाफा झोपलेले, हे कसं? दोष उन्हाचा असता तर लिंबानेही थोडी तरी मान टाकली असती. फरक जमिनीच्या वर नाही, खाली आहे. आता तरी सांगा, आंब्याच्या खड्ड्यात काय लागलं होतं? आणि लिंबू नेमकं कुठे आहे?

सूसवासी | ५:४१

ओके. आंबा आणि चाफ्याच्या जागी दोन फुटांवर कातळ लागला. ब्रेकर लावून आणखी फूटभर फोडला. साधारण ३ बाय ३, खोली ३ फूट. माणसाने बाहेरून काळी माती आणून भरली, एकदम लोण्यासारखी. लिंबू फाटकाजवळ, तिथे गेल्या वर्षी पाइपसाठी चर खणून परत मुरमाने बुजवला होता, म्हणून ब्रेकर लागला नाही. पाणी सकाळी दोन बादल्या, संध्याकाळी एक. प्रत्येकाला.

निंबोणी | ५:४८

रोज तीन बादल्या!! आम्ही सूसमध्ये टँकरचं पाणी मोजून वापरतो हो.

पहार_फावडं | ६:१०

झालं, सापडलं.

तुम्ही खड्डा नाही, कातळात हौद खणलाय. ३ बाय ३ बाय ३ म्हणजे २७ घनफूट, साधारण ७६५ लिटर. त्यातली निम्मी जागा मातीच्या कणांनीच व्यापलेली. तुम्ही रोज ४५ लिटर ओतता, १४ दिवसांचे झाले ६३०. काही वाफेने गेलं, काही झाडाने प्यायलं असेल, पण उरलेलं जाणार कुठे? बाजूला कातळ, तळाला कातळ आणि मध्ये पाणी धरून बसणारी काळी माती. लिंबाखाली चर आहे, मुरूम आहे, त्याचं पाणी निथळून जातं. ते खूश.

मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. पाण्यात बुडाली की गुदमरतात, कुजतात, आणि कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. म्हणून झाड पाण्यात उभं राहून तहानेने मरतं. वरून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं, माना टाकलेल्या, कडा करपलेल्या. मग आपण आणखी एक बादली ओततो.

माझ्या शब्दावर जाऊ नका. खोडापासून दीड फूट लांब पहार ठोका, जेवढी जाईल तेवढी. बाहेर काढून टोकाला काय लागलंय ते बघा आणि वास घ्या.

गच्चीवरचा_गडी | ६:१५

जीवामृताने माती भुसभुशीत होते, निचरा आपोआप सुधारतो.

पहार_फावडं | ६:१७

कातळ भुसभुशीत होत नाही, दादा.

सूसवासी | रविवार, सकाळी ८:०५

पहार ठोकली. वरची वीतभर माती चांगली होती, म्हणजे ओलसर. त्याखाली पहार लोण्यात गेल्यासारखी गेली. काढली तर टोकाला राखाडी-काळा चिखल आणि नासक्या अंड्याचा वास. जिथे पहार गेली त्या भोकात दहा मिनिटांत पाणी वर आलं. चाफ्याचंही तेच.

आई आलीये. तिने पहार बघितली, वास घेतला आणि म्हणाली, "मी मुहूर्त काढला होता, पाणी नव्हतं सांगितलं."

पहार_फावडं | ८:३०

आईंना नमस्कार सांगा.

आता पाणी पूर्ण बंद. खड्ड्याच्या उतार असलेल्या कडेला, झाडापासून लांब, तळापर्यंत एक अरुंद भोक करा आणि डबा-डबा पाणी उपसून काढा. मग ब्रेकरवाल्याला परत बोलवा आणि त्या कडेतून खालच्या अंगाला चर फोडून घ्या, फूटभर रुंद पुरे, खड्ड्याच्या तळापेक्षा थोडा खोल. त्यात खडी भरा. हे आत्ताच करा, कारण पावसात हा हौद तुमच्या बादलीशिवायच भरणार आहे. झाड या उन्हात उपटून हलवू नका, उरलीसुरली मुळंही तुटतील. निंबोणी म्हणाल्या तशी जाळी बांधा, पण पाचट आत्ता नको, माती सुकू दे.

पुढे पाणी देताना घड्याळ बघायचं नाही. वीतभर खोल बोट किंवा काठी घालायची, सुकी लागली तरच द्यायचं. नखाने साल खरवडून बघा, आत हिरवं असेल तर जीव आहे.

कायदेपंडित | ९:१०

महत्त्वाची सूचना. झाड मेलं तरी परस्पर काढू नका. १९७५ चा झाडांच्या जतनाचा कायदा आहे, पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. सूस २०२१ मध्ये पालिका हद्दीत आलं आहे, हे लक्षात असू द्या.

निंबोणी | ९:१४

अहो, चार फुटांचं कलम आहे ते.

कायदेपंडित | ९:२०

माहिती दिली. शिवाय झाडाभोवती काँक्रीट करू नये. २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीत झाडाभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. आमच्या सोसायटीने गुलमोहराच्या बुंध्याशी फरशी बसवली, मी तीन पत्रं दिली, चेअरमन म्हणतो पार्किंग महत्त्वाचं.

रिकामटेकडा | ९:२६

गुलमोहर पण परदेशीच. मादागास्करचा.

सूसवासी | तीन आठवड्यांनंतर

अपडेट देतो, कारण लोक प्रश्न विचारून गायब होतात असं मीच इतर धाग्यांवर कुरकुरतो. पहिल्या दिवशी चाफ्याच्या खड्ड्यातून अकरा बादल्या पाणी निघालं. चर फोडून घेतला. ब्रेकरचा खर्च कलमाच्या चौपट. चाफा गेला, साल खरवडली तर आत तपकिरी. पण आंब्याला नवीन फूट आलीये!! तीन कोंब, लालसर. पार्टी माझ्याकडून.

टेकडीवाला | ९:४०

वा! अभिनंदन!

गच्चीवरचा_गडी | ९:४४

आता जीवामृत सुरू करा.

पहार_फावडं | १०:०२

रंगाचा बेरंग करायचा नाही, पण कोंब कुठून आलेत? खोडावर वीतभर उंचीवर एक गाठ किंवा तिरका सांधा दिसेल, प्लास्टिकची पट्टी गुंडाळलेली असेल कदाचित. कोंब त्याच्या वर आहेत की खाली?

सूसवासी | १०:१५

खाली. जमिनीपासून चार बोटांवर.

आणि ती पट्टी अजून तशीच आहे, खोडात रुतलीये.

पहार_फावडं | १०:३१

सांध्याच्या वर साल खरवडून बघा.

सूसवासी | १०:३८

सुकी. तपकिरी. पार शेंड्यापर्यंत.

पहार_फावडं | १०:५५

मग केसर गेला. जगलाय तो खालचा खुंट, म्हणजे कोयीतून उगवलेला गावठी आंबा. त्याची मुळं जिवंत आहेत, आणि एवढ्या पाण्यातून वाचला म्हणजे चिवट आहे, त्याला उपटू नका. तीनपैकी सरळ आणि जाड कोंब एकच ठेवा, बाकी दोन काढा. सांध्याच्या वरचं वाळकं लाकूड छाटा, कापाला बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याची) लावा. पेन्सिलीएवढा जाड झाला आणि पाऊस स्थिरावला की कोणाच्या तरी फळत्या केसरची काडी आणा आणि पाचर कलम करा, म्हणजे खुंटाला चीर देऊन काडी पाचरीसारखी बसवायची आणि पट्टीने बांधायची. यंदा जाडी आली नाही तर पुढच्या पावसात. या वेळी पट्टी वेळेवर सोडा.

कातळावरचा_हापूस | ११:०२

काडी बांधायचीच आहे तर हापूसची बांधा. माझ्याकडे आहे, देतो.

सूसवासी | ११:०९

आईला विचारून सांगतो.

नवा_सभासद | ११:४७

नमस्कार, माझ्या कुंडीतल्या मोगऱ्याला कळ्याच येत नाहीत. पाणी रोज घालते. काय करू?