मलेरियाच्या परजीवीचा ‘प्रकार’ म्हणायचं, ‘जात’ की ‘वाण’?

प्रश्न: सिंहगड रोड भागातल्या आशाताईंसाठी मलेरियावर एक पत्रक करतेय. स्पीशीज आणि स्ट्रेन (एकाच स्पीशीजमधले वेगवेगळ्या गुणांचे परजीवी) दोन्हीला सगळीकडे ‘प्रकार’च लिहिलेलं असतं, त्याने घोळ होतो. आणि ‘जनुकीय विविधता’ त्यांच्यापर्यंत कितपत पोचेल? सुचवा प्लीज.

प्रतिसाद: प्रकार चालेल की, रोजच्या बोलण्यातला आहे. लॅबच्या रिपोर्टवर पीव्ही नि पीएफ असतं, तेच दोन प्रकार.

प्रतिसाद: नाही चालणार हो, इथे फरकच मुद्द्याचा आहे. पीव्ही म्हणजे व्हायव्हॅक्स, पीएफ म्हणजे फाल्सिपेरम, या वेगळ्या प्रजाती, औषधंही वेगळी. पण एकट्या फाल्सिपेरमचे परजीवीसुद्धा सगळे सारखे नसतात, त्यासाठी ‘वाण’ वापरा. बियाण्याचा वाण म्हटलं की पीक तेच पण गुण वेगळे, हे कुणाला समजावावं लागत नाही. हे वाण होतात कसे तेही लिहाच. माणसाच्या रक्तात परजीवी नुसता एकाचे अनेक होत वाढतो, पण डासाच्या पोटात त्यांच्या नर-मादी पेशी एकत्र येतात, त्यामुळे डासाने रक्ताबरोबर दोन वाण ओढले असतील तर जनुकांची सरमिसळ होऊन तिसराच निघू शकतो. जिथे मलेरिया जास्त तिथे एकाच पेशंटच्या अंगात अनेक वाण सापडतात, म्हणजे सरमिसळही जास्त. डास कमी केले की तिलाही आळा बसतो, मला हे फार महत्त्वाचं वाटतं, गच्चीतल्या टाकीच्या झाकणाचा संबंध थेट इथपर्यंत पोचतो.

प्रतिसाद: वाणला माझंही मत. ‘विविधता’ मात्र नको, शाळेपासून आपण तो शब्द चांगल्याच अर्थाने ऐकलाय, इथे तर ती डोकेदुखी आहे. ‘वाणांची सरमिसळ’ लिहा. आणि ‘प्रतिरोध’पेक्षा ‘औषधाला दाद देत नाही’ बरं. क्लोरोक्विनला दाद न देणारा फाल्सिपेरम आपल्याकडे १९७३ साली आसामात पहिल्यांदा सापडला, आता फाल्सिपेरमला आर्टेमिसिनिन गटातल्या औषधाला दुसरं औषध जोडून देतात, आणि ईशान्येकडच्या राज्यांत २०१३ पासून ते जोडीचं औषधही बदललं कारण तिथले वाण जुन्याला दाद देईनात.

प्रतिसाद: दाद ठीक, पण टेस्टचं काय? मलेरियाच्या झटपट तपासणीच्या कार्डावरची फाल्सिपेरमची रेघ बहुतेक वेळा एचआरपी-२ नावाच्या प्रथिनामुळे उमटते. काही वाणांत त्या प्रथिनाचं जनुकच गळालेलं असतं, २०१० मध्ये पेरूतून अशा परजीवींची पहिली नोंद झाली, नंतर आफ्रिकेत आणि भारतातही सापडले. पेशंट तापाने फणफणलेला आणि कार्डावर नुसती कंट्रोलची, म्हणजे कार्ड चालतंय एवढंच सांगणारी रेघ! याला ‘टेस्ट फेल’ म्हणू नका प्लीज, आशाताई कार्डच खराब समजून फेकून देतील, तो वाणच तसा आहे असं सांगा.

प्रश्नकर्ती: सगळ्यांचे मनापासून आभार, खूप मदत झाली. मग प्रजाती आणि वाण हे दोन शब्द पक्के करते, ‘विविधता’ काढते. कार्डाचं वाक्य असं करतेय: “कार्डावर फाल्सिपेरमची रेघ आली नाही तरी थंडी वाजून ताप येतच असेल तर पेशंटला तसंच घरी पाठवू नका, रक्ताची स्लाईड काढून तपासायला पाठवा, परजीवीचा एखादा वाण कार्डावर दिसत नाही.” यात ‘परजीवी’ ठेवू की ‘जंतू’?

प्रतिसाद: जंतू ठेवा. ट्रेनिंगमध्ये त्यांना तोच कानावर पडलेला असतो.